खंडेनवमीचं स्टेअरिंग

आमची गाडी घरासमोर उभी असते असं म्हणणं खोटं ठरेल. ती पसरलेली असते. बॉनेट कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेलं, मागची सीट तुळशीजवळ उन्हात, एअर फिल्टर जिन्यावर, आणि या सगळ्याच्या मधोमध तोंडात स्क्रू धरून उकिडवे बसलेले माझे पती यशवर्धनराव. सुदामा नगरात कुणालाही आमचं घर विचारा, कुणी नंबर सांगत नाही. "अच्छा, वो खुली गाडी वाले भिया!" म्हणतात आणि बोट दाखवतात.

यशवर्धनरावांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस सकाळी फिरायला जाईल, पेपर वाचेल, फार तर कॉलनीच्या भांडणात पडेल. त्याऐवजी ते मोबाईलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ बघायला लागले. पहिल्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की यच्चयावत मेकॅनिक चोर असतात आणि यापुढे आपली गाडी आपणच बघायची. त्याला त्यांच्याकडे ऐतिहासिक आधारही होता. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत शिलेदार होते, म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला गेलेले. "शिलेदाराच्या घोड्याला दुसऱ्याचा हात लागत नसतो," असं हे ऑइलने माखलेल्या हाताने मिशीला पीळ देत सांगतात. मिशी त्यामुळे काळीभोर दिसते, एवढाच काय तो फायदा. त्याच घोड्याने खापरपणजोबांना महूच्या वाटेवर खाली पाडलं होतं आणि तो एकटाच घरी परत आला होता, हा भाग हे सांगत नाहीत. तो सासूबाई सांगतात.

गाडी चावीने सुरू होईना तेव्हा यांनी डॅशबोर्डखाली घराच्या बेलचं बटण बसवलं. आता चावी फिरवायची, मग बेल दाबायची, की गाडी सुरू. एसीचा पंखा छताच्या पंख्याच्या रेग्युलेटरवर चालतो. ड्रायव्हरची सीट मागेपुढे सरकायची, ती रुळावरून उतरली, तर आपल्या पायांच्या मापाने बोल्ट मारून तिला कायमची 'सेट' करून टाकली. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोनतीन नट उरतात, ते शेवेच्या रिकाम्या बरणीत जातात. उरले कसे, असं विचारलं तर म्हणतात, "कारखान्यात फालतूचे जास्त लावून देतात. गाडी हलकी झाली, अ‍ॅव्हरेज वाढेल." आमच्या शहरात कचरा वेगवेगळा करून द्यावा लागतो. ओला, सुका, प्लास्टिक, सगळ्यांचे डबे ठरलेले आहेत. यशवर्धनरावांच्या कचऱ्याचा डबा मात्र अजून ठरायचाय. कचरागाडीवाला आमच्या दारात आला की आधी खिडकीची काच वर करतो आणि मग विचारतो, "भाभीजी, आज भी तेलवाला है क्या?"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण मला गाडी चालवायची होती.

कशासाठी, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पुरुषाला कुणी विचारतं का? तीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून मांडीवर डबे, पिशव्या आणि मिठाईचे खोके सांभाळले होते. आता मला दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे होते, बस. समोरच्या घरात प्राची राहते. विमा कंपनीत नोकरी करते, मूळची महूची. तिचे वडील रत्नपालजी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात होते. तिने मला रोज सकाळी स्वतःच्या गाडीवर दशहरा मैदानात शिकवलं. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण गिअर चुकला की अशी ओरडायची की मैदानातली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन झोपायची. लायसन्स मात्र पहिल्या फटक्यात मिळालं. मी घरी पेढे आणले. यशवर्धनरावांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "वा वा! जरूर चालव. बस, गाडीचं थोडं काम आहे, ते होऊन जाऊ दे."

ते काम काही संपेना. राजवाड्यावर जाते म्हटलं, तर रेडिएटर बाहेर आला. भाजीला जाते म्हटलं, तर ब्रेक उघडले. माहेरी देवासला जाऊन येते म्हटलं, तर एकदम चारही चाकं उतरली आणि गाडी विटांवर चढली. हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी आपणहून बिघडतच नव्हती. मी चावी मागितली की बिघडायची.

तेव्हा मी सुप्रीम कोर्टात जायचं ठरवलं. सुप्रीम कोर्ट म्हणजे सासूबाई, द्वारकाबाई. ऐंशी कधीच ओलांडलेली, दात नाहीत, पण शब्द अजून चावतो. दसऱ्याला आमच्याकडे सीमोल्लंघन असतं. पूर्वी घोड्यावरून व्हायचं, आता गाडीतून होतं. धार रोडने शहराबाहेर जायचं, शमीची पूजा करायची आणि परत यायचं. एरवी सासूबाई घराबाहेर पडत नाहीत, पण हे चुकवत नाहीत. घटस्थापनेच्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना मी म्हटलं, "आई, यंदा दसऱ्याला गाडी मी चालवणार."

यशवर्धनराव घाईघाईने म्हणाले, "अगं, त्या दिवशी ट्रॅफिक किती असतो! रावण दहनाची गर्दी, सारे रास्ते जाम..."

"चालवू दे की," सासूबाई म्हणाल्या. "घोडा काय मिशी बघून चालतो?"

यशवर्धनरावांनी ताटात मान घातली. पण त्यांची नजर दाराबाहेर गाडीकडे गेली, आणि ती नजर मला मुळीच आवडली नाही.

अष्टमीला दुपारी मी चकल्या तळून बाहेर आले तर गाडीचं स्टेअरिंग ओसरीवर पडलेलं. गाडीत त्याच्या जागी नुसता एक दांडा.

"हे काय?"

"अगं, तुझ्यासाठीच तर!" यशवर्धनराव एक खोका उघडत म्हणाले. "स्पोर्ट्स स्टेअरिंग मागवलंय. बघ, लाल आहे, छोटं आहे, लेडीजला ग्रिप चांगली मिळते. जुनं काढलं, नवीन उद्या लावून टाकतो. दो मिनट का काम आहे."

"उद्या खंडेनवमी आहे."

"अरे हो!" ते म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. तो हात खरा होता की नाटकातला, देव जाणे. मला विचाराल तर नाटकातला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. एकदा पाटावर मांडलेलं हत्यार दसऱ्याला सीमोल्लंघन करून परत आल्यावर, उत्तरपूजा झाल्याशिवाय कुणी उचलायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. माझ्या सासऱ्यांनी एकदा त्या दिवशी दाढीचा वस्तारा उचलला होता, तर गाल असा कापला की खूण शेवटपर्यंत गेली नाही. सासूबाई ही गोष्ट दरवर्षी सांगतात आणि सासऱ्यांच्या फोटोकडे बोट दाखवतात. फोटोत गालाला खरोखरच खूण आहे.

सकाळी मी देवघरात गेले. पाटावर लाल कापड, त्यावर खापरपणजोबांची गंजकी तलवार आणि तिच्या दोन्ही बाजूंना यशवर्धनरावांचा सगळा संसार. पाने, पकडी, पेचकस, हातोडी, जॅक, हवेचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. आणि मधोमध झेंडूची माळ घालून बसलेलं गाडीचं जुनं काळं स्टेअरिंग.

"आई, हे कशाला मांडलंत?"

"लगाम आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "तलवार मांडायची आणि लगाम बाहेर टाकायचा?"

यशवर्धनरावांनी पडत्या फळाची आज्ञा घेतली. दोन्ही हात जोडून म्हणाले, "आईचा शब्द म्हणजे शब्द. अब क्या करणार, विनू? उद्या रिक्षाने जाऊ. तू पुढच्या वर्षी चालव." परीक्षा पुढे ढकलली गेलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. मग त्यांनी चार पुरणपोळ्या हाणल्या आणि आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले.

मला इतका राग आला होता की हातातला पोळपाट फेकावासा वाटत होता. राग गाडीचा नव्हता. तोंडावर 'नाही' म्हणायची या माणसात हिंमत नव्हती, म्हणून तो नट, बोल्ट आणि आता देवसुद्धा मध्ये घालत होता, त्याचा राग होता. पोळपाट ठेवला आणि मी तशीच समोर प्राचीकडे गेले.

प्राची बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, ती महूला वडिलांकडे निघणार होती. मी सगळं एका दमात ओकून टाकलं. ती पांढऱ्या साडीची घडी घालत ऐकत होती.

"मग प्रॉब्लेम क्या है काकू?" ती म्हणाली. "लावून टाकू ना आपण."

"कशाने लावणार? सगळे पाने पूजेत आहेत."

"तुमचे पूजेत आहेत. आमच्या पान्यांना सुट्टी नसते." तिने पलंगाखालून एक हिरवी लोखंडी पेटी ओढली. "बाबांनी लग्नात दिली. आई म्हणाली, पोरीला भांडी द्या. बाबा म्हणाले, भांडी काय, कुठेही मिळतात."

"पण प्राची, स्टेअरिंगच पाटावर आहे."

"जुनं ना? आणि नवीन?"

नवीन स्टेअरिंग ओसरीवर खोक्यातच पडलं होतं. त्याला कुणी हळदीचं बोटही लावलं नव्हतं. मी प्राचीकडे पाहिलं आणि इतक्या जोरात हसले की तिचा नवरा आतून काय झालं म्हणून बघायला आला.

आम्ही कामाला लागलो. खिडकीतून यशवर्धनरावांचं घोरणं ऐकू येत होतं, त्यामुळे कधी घाई करायची आणि कधी थांबायचं ते बरोबर कळत होतं. पुढची चाकं सरळ केली. खोक्यात स्टेअरिंगबरोबर एक जाडजूड चकती आली होती, ती आधी दांड्यावर बसवायची असते. दांड्याला बारीक दाते असतात, चकतीलाही असतात, ते एकमेकांत बसले पाहिजेत. मी बसवली, वरून नट फिरवला, आणि मग पान्याला लांब पाइप लावून आम्ही दोघी त्याला अशा लोंबकळलो की गाडी गदगदा हलली. नटाने शेवटी एक 'कट्' केलं. प्राची म्हणाली, "अब तो भूकंपातही नाही निघणार." मग सहा स्क्रू मारून लाल स्टेअरिंग चकतीवर बसवलं.

गल्लीत एक चक्कर मारून पाहिली. सीट यशवर्धनरावांच्या मापाची, म्हणून पाठीमागे दिवाणावरचा लोड कोंबला होता. गाडी सरळ जात होती, पण स्टेअरिंग वाकडं. सरळ जाताना ते डावीकडे मान टाकून बसल्यासारखं दिसायचं. परत आलो, सगळं पुन्हा उघडलं, चकती एक दाता सरकवली, पुन्हा लोंबकळलो. आता जमलं. माझी नखं काळी झाली होती, साडीला ग्रीस लागलं होतं, आणि मला फार म्हणजे फारच मजा येत होती. हा माणूस रोज सकाळी उठून बाहेर का पळतो ते मला पहिल्यांदा कळलं.

शेवटी हॉर्नची वायर जोडली आणि चुकून हात लागला. यशवर्धनरावांनी गाडीला मिनीबसचा हॉर्न बसवलेला आहे. सगळी गल्ली दणाणली. घोरणं थांबलं, पण त्याआधी दारात काठी टेकत सासूबाई उभ्या राहिल्या.

त्यांनी स्टेअरिंगकडे पाहिलं. माझ्या नखांकडे पाहिलं.

"पाटावरचं काही उचललंस?"

"नाही आई. शप्पथ नाही."

"मग हा पाना कुणाचा?"

"माझा आहे, आजी," प्राची म्हणाली.

"तुमच्यात नवमी नसते?"

"नाही आजी. आमचा सण उद्या. आणि त्यात पाने नाही मांडत."

सासूबाईंनी जरा विचार केला. "बरंच आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी एकाच दिवशी हत्यारं मांडून ठेवली तर गावाचं कसं व्हायचं?" आणि आत निघून गेल्या.

यशवर्धनराव डोळे चोळत बाहेर आले तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून चहा पीत होते. लाल स्टेअरिंग बघून त्यांची झोप उडाली.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"तू? अगं, सेफ्टीचा सवाल आहे! नट ढिला राहिला असेल तर? चलत्या गाडीत स्टेअरिंग हातात यायचं. उघडून चेक करावं लागेल. वो तो मी आत्ता करूनच टाकतो." आणि सवयीने ते पाना आणायला देवघरात शिरले.

"यशा," आतून सासूबाईंचा आवाज आला. "हात मागे घे."

मी चहाचा घोट घेतला. असा चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. सकाळी ज्या नियमाने माझी गाडी अडवली होती, तोच आता त्यांचे हात धरून बसला होता. प्राचीकडे पाना मागायचा तर तिला काय सांगणार? बायकोचं काम उघडायचंय म्हणून? यशवर्धनराव परत आले. त्यांनी स्टेअरिंग धरून ओढलं, ढकललं, उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, कान लावून ऐकलं. खोट सापडेना.

"ठीकय," ते म्हणाले. त्या एका शब्दाला त्यांना बराच वेळ लागला.

दसऱ्याला दुपारी आम्ही निघालो. पुढे सासूबाई मांडीवर पूजेचं ताट घेऊन, मागे यशवर्धनराव. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्याच गाडीत मागे बसले होते. त्यांचा पाय मागे पायपुसण्यावर ब्रेक दाबत होता, ते मला ऐकू येत होतं. "विनू, टेम्पो! टेम्पो! अगं, गाय! क्लच, क्लच!" फूटी कोठीच्या चौराह्यावर सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. चावी, बेल, चावी, बेल. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "आंटी, घर से सीख के आया करो!"

सासूबाईंनी काच खाली केली. "घर से ही सीख के आई है," त्या म्हणाल्या. "तू कहाँ से आया?"

बेल लागली आणि गाडी सुरू झाली. त्यानंतर ती बंद पडली नाही.

वस्ती विरळ झाली, शेतं लागली, आणि मागची सीट गप्प झाली. शमीच्या झाडापाशी मी गाडी थांबवली. सासूबाईंनी बसल्या जागेवरूनच हळदकुंकू वाहिलं. मी झाडाला नमस्कार करून परत आले, तरी यशवर्धनराव आपले मागेच बसलेले.

"उतरायचं नाही का?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू चांगली चालवतेस गं."

"मग तोंड का पाडलंय?"

"गाडी चालू असली ना, की मला काही कामच नसतं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "उघडी असली की सकाळी उठावंसं वाटतं. बँकेत होतो तेव्हा चार माणसं तरी विचारायची, सर, हे कसं करायचं? आता कोण विचारतं? म्हटलं, तूही चालवायला लागलीस तर मग संपलंच सगळं."

माझा आठवडाभर जपलेला राग असा पटकन उतरायला लागला, आणि त्याचाही मला राग आला. "उघडा ना," मी म्हटलं. "रोज उघडा, कुणी अडवलंय? फक्त मला विचारून उघडा. आणि मलाही बसवा सोबत. मला आवडलं ते काम."

सासूबाई म्हणाल्या, "चला आता. पाटावरची हत्यारं वाट बघतायत."

गाडी वळवायची होती. रस्ता अरुंद, मागे खोल नाली, आणि रिव्हर्स हा माझा कच्चा विषय. दशहरा मैदानात मी रिव्हर्समध्ये रावणासाठी रोवलेले दोन बांबू पाडले होते. मी एकदा मागे पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि इथवर आणलेली सगळी हिंमत संपली. दार उघडलं. "अहो," मी म्हटलं, "एवढी तुम्ही वळवता का?"

यशवर्धनराव उतरले. माझ्या दारापाशी आले. मी बेल्ट काढायला हात घातला. त्यांनी त्या लाल स्टेअरिंगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार बाहेरून लावून टाकलं. मग ते चालत गाडीच्या मागे गेले आणि नालीच्या काठावर, बरोबर मागच्या काचेसमोर, उभे राहिले. एक हात आडवा करून त्यांनी येणाऱ्या गाड्या थांबवल्या.

"बाजूला व्हा ना!" मी खिडकीतून ओरडले. "मला नाही येत रिव्हर्स!"

"तू ये. मी उभा आहे."

"अहो, मागे नाली आहे!"

"माहीत आहे. येऊ दे."

मी गिअर टाकला. लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसाने मला साधी टायरमध्ये हवा भरू दिली नव्हती, आणि आता तो माझ्या मागच्या बंपरपुढे दोन्ही पाय रोवून उभा होता. माझे डोळे भरून आले, आरशात काही दिसेना, तेव्हा नुसत्या आवाजावर मी गाडी मागे घ्यायला लागले.

"येऊ दे," ते म्हणत होते. "येऊ दे... अजून येऊ दे... बस."